उठा, चाला, परत या

वर्गात आम्ही सातजण होतो. दिवाळीनंतर चार.
एक बी.एड.ला गेला, एकीचं लग्न जमलं,
तिसऱ्यानं कारण सांगितलं नाही.
दारव्ह्याच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, 'कायचं शिक्षण?'
म्हटलं, म्हातारपणाचं. एम.ए.
तो मशीनवर बोट ठेवून थांबला,
'आमच्याकडं तं थे फुकट येते, बाई.'

पिशवीत प्रश्नावलीच्या चाळीस प्रती,
शिंप्याची टेप,
आणि विद्यापीठाचं स्टॉपवॉच, सही करून घेतलेलं.

चाचणी सोपी आहे. पुस्तकात अर्धं पान.
खुर्चीतून उठा. तीन मीटर चाला. वळा.
परत या. बसा.
बारा सेकंदांवर गेलं तर लिहायचं:
पडण्याचा धोका.

सावरखेडीत खुर्ची ग्रामपंचायतीतून आणली,
लाल, एक हात तुटलेली.
सकरूबाई तायडे आधी बसेचना.
'सरपंचाची हाय का?'
मग काठावर टेकली, बिनतिकिटाची बसल्यासारखी.

वय?
'धरनाचं काम निंघालं तवा मले तिसरं पोट होतं.'
मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.
आंघोळ स्वतः करता?
'मंग कोन करन?'
कपडे स्वतः—
'तू कोनाची व?'
कुशावर्ताची पोरगी.
'अवो माय! तुले म्याच न्हाऊ घातलं.'
आणि दोन्ही नडग्यांवर चापट मारली, 'अठी.'

मी त्या नडग्या पाहिल्या.
लिहिलं: दोन्ही घोट्यांना सूज, उजवा गुडघा बाहेर.

तीन मीटरवर माझी चप्पल ठेवली.
आजी, चपलेपर्यंत जायचं, वळायचं.
'मंग?'
मग परत यायचं.
'परतच याचं तं जायाचं काऊन?'

बटण दाबलं.
गुडघ्यावर हात रेटून उठली, चार सेकंद.
चपलेपाशी नऊ.
वळली नाही.
चप्पल ओलांडली, दोरीवरच्या गोधडीखालून वाकली,
शेजारचं टिनाचं दार लोटून आत गेली,
गोमा उईकेकडे. उन्हाळ्यापासून त्याची डावी बाजू गेलेली,
लेक-सून वीटभट्टीवर.

मी खुर्चीजवळ, पेन उघडं.
आतून पाण्याचा आवाज, एक कण्हणं,
मग तिचं करवादणं, 'हां, तिकडच्या आंगावर. हां बाप्पा.'
मला प्रकरण नऊ आठवलं: दर दोन तासांनी कूस बदलावी.
परीक्षेत मी ते पाच गुणांना लिहिलं होतं.

भांडं घेऊन आली, मोरीत ओतलं,
राखेनं हात धुतले, बसली.
अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
'झालं का व तुहं?'

सर म्हणाले, ही नोंद वगळा. सरासरी बिघडते.
वगळली. उरलेल्या एकोणचाळिसांवर
प्रबंध मंजूर झाला, पहिल्या श्रेणीत.
बाबांनी पेढे वाटले, आणि प्रत्येकाला सांगितलं
की मुलगी 'मेडिकलसारखंच काहीतरी' शिकली.

पुण्याहून व्हिडिओ कॉल आला.
ज्येष्ठांचं निवास, लिफ्ट, बाग,
बावीस हजार, राहणं-खाणं त्यांचं.
अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला वळवलंय का कधी?
म्हटलं, पाहिलंय.
'केलंय का?'
नेटवर्क चांगलं होतं. माझं गप्प राहणं
त्यांना स्पष्ट ऐकू गेलं असणार.

रविवारी सावरखेडीला गेले. खुर्ची आणली नाही.
गोमामामा दिसतात त्याहून जड आहेत.
'हात खांद्याले नोको लावू, कमरंखालून घाल,'
सकरूबाई उंबऱ्यावरून,
'अन् आंधी त्याले सांग. गाठोडं हाय का थो?'

मामा, वळवते हं.

मामांनी चालत्या हातानं
माझी ओढणी मुठीत घट्ट धरली.